लाइनमीमांसा

इंग्रजीतला सर्वांत अनेकार्थी शब्द कोणता, यावर तिकडच्या पंडितांनी बरीच शाई आटवली आहे. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद 'सेट' या क्रियापदाची होती. पुढे 'रन'ने त्याला मागे टाकलं, असं कोशकारच सांगतात. या शर्यतीत प्रस्तुत लेखकाला रस नाही. माहेरी कोणीही कर्तबगार असतो. शब्दाचं पाणी जोखायचं तर तो सासरी किती कामं उपसतो ते पाहावं, आणि या कसोटीला आमच्या माहितीत एकच शब्द उतरतो. तो म्हणजे 'लाइन'.

सकाळी नळाला पाणी नसेल तर कुठेतरी लाइन फुटलेली असते. विदर्भात, मराठवाड्यात पंखा थांबला की लाइन गेलेली असते. शेतीपंपाची लाइन मात्र रात्री-अपरात्री येते, तेव्हा ती आली म्हणून कोणी टाळ्या वाजवत नाही, जो तो बॅटरी घेऊन शेताकडे निघतो. दवाखान्यात लाइन असते, मुंबईत राहायला लाइन असते, स्थळ बघताना मुलगा कोणत्या लाइनला आहे हे विचारतात आणि तो मुलगा कॉलेजात असताना कोणावर लाइन मारत होता हे विचारत नाहीत. बिघडलेला पोरगा लाइनीवर येतो. पत्र चार लाइनींचं असतं. एवढं सगळं एका अक्षरी उच्चाराच्या शब्दाने उचलावं, हे कोणाही विचारी माणसाला खटकायला हवं.

प्रचलित मत असं की, साहेबाने रेल्वे आणली, तिच्याबरोबर हा शब्द आला आणि फोफावला. हे मत वरवरचं आहे. साहेबाने 'स्लीपर' आणि 'शंटिंग' हेही शब्द आणले. त्यांचा संसार शब्दकोशाच्या एका ओळीत मावतो. मग लाइनच का फोफावली? आमचा सिद्धांत असा : लाइन मराठीत शिरली तेव्हा तिची जागा आधीच धरून ठेवलेली होती, एसटीच्या खिडकीतून टाकलेल्या रुमालासारखी. तो रुमाल म्हणजे 'सूत' हा शब्द.

प्रथम व्युत्पत्ती. इंग्रजी 'लाइन'चं मूळ लॅटिन 'लिनेआ', म्हणजे तागाच्या जातीचा धागा. आणि तो धागा ज्या झाडाचा, त्याचं लॅटिन नाव 'लिनम'. हे लिनम म्हणजे कोणी दूरदेशीची दिव्य वनस्पती नव्हे. आपलं जवस. पश्चिम महाराष्ट्रात काही जण त्याला अळशी म्हणतात. वनस्पतिशास्त्रातलं त्याचं पूर्ण नाव 'लिनम उसिटाटिसिमम', म्हणजे अत्यंत उपयुक्त जवस. १७५३ साली लिनिअसने ते कायम केलं. (लिनिअस हे आडनावही लिनमवरून आलं असावं, असा मोह विद्वानांना होतो. तो आवरावा. ते लिंडेन नावाच्या वृक्षावरून आलेलं आहे.) म्हणजे सेंट्रल लाइन, पोलीस लाइन, पाइपलाइन या सगळ्यांचं कुळ शोधत गेलं तर आपण पोचतो ते विदर्भातल्या एखाद्या स्वयंपाकघरात, जिथे जवस खमंग भाजून, लसूण-तिखट घालून चटणी कुटली जात असते. कोटाच्या आत लावतात ते 'लाइनिंग', उन्हाळी शर्टाचं 'लिनन', जुन्या कचेऱ्यांतल्या जमिनीवरचं 'लिनोलियम', हे सगळे याच चटणीचे भाऊबंद. क्रिकेटच्या नव्या बॅटला जे लिनसीड ऑइल पाजतात, तेही जवसाचंच. गोलंदाज 'लाइन अँड लेंथ' सांभाळून चेंडू टाकतो आणि फलंदाज तो जवसाचं तेल प्यालेल्या फळीने सीमेपार धाडतो. एकाच घराण्यातली भाऊबंदकी यापेक्षा ठळक पाहायला मिळणार नाही.

आता सूत. युरोपने जवसाच्या धाग्यावरून जे जे केलं, ते ते आपण कापसाच्या धाग्यावरून आधीच करून बसलो होतो. तीन पुरावे देतो.

पहिला पुरावा मापाचा. जुन्या इंग्रजी मापात इंचाचा बारावा भाग म्हणजे एक लाइन. रशियनांनी ती इंचाचा दहावा भाग धरली. त्यांची १८९१ ची प्रसिद्ध रायफल 'तीन लाइनी' म्हणूनच ओळखली गेली, कारण तिच्या नळीचा व्यास तीन दशांश इंच, म्हणजे ७.६२ मिलिमीटर. बटणांच्या धंद्यात इंचात चाळीस लाइनी मावतात आणि शर्टाचं नेहमीचं बटण अठरा लाइनींचं असतं. सरळपणाबद्दल नावाजलेल्या शब्दाने मापात इतका वाकडेपणा करावा, यावर आम्ही भाष्य करत नाही. आमच्याकडे मात्र सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि तो सर्वत्र आठवाच. हार्डवेअरच्या दुकानात आजही 'चार सुती सळई' मागतात. दुकानदार बिलावर १२ एमएम लिहितो आणि पोऱ्याला ओरडून सांगतो, "ए, चार सुती काढ रे!" सरकारने मेट्रिक पद्धत आणली ती बिलापर्यंत पोचली. पोऱ्यापर्यंत पोचायची आहे.

दुसरा पुरावा नीतीचा. पोरगं लाइनीवर आलं म्हणजेच सुतासारखं सरळ झालं. यात समजावण्यासारखं काही नाही. ज्यांनी वडिलांचा हात पाहिला आहे त्यांना दोन्ही वाक्प्रचार एकाच गालावर आठवतील.

तिसरा पुरावा प्रेमाचा, आणि हा सर्वांत भक्कम. 'लाइन मारणे' हा प्रयोग असभ्य, आधुनिक आणि हिंदी सिनेमाच्या संगतीने बिघडलेला आहे असं पुष्कळांना वाटतं. पण 'सूत जमणे', 'सूत जुळणे' हे तर आजीच्या तोंडचे शब्द! दोघांचं सूत जुळलं म्हणजे काय, हे आजी डोळे बारीक करून सांगायची. दोन्हीकडे धागाच आहे. फरक एवढाच की लाइन एकतर्फी असते आणि सुताला दोन टोकं लागतात. जवसाच्या धाग्याने आरंभ होतो, कापसाच्या धाग्याने शेवट होतो, आणि मधल्या अवस्थेला 'लाइन देणे' म्हणतात. दोन्ही पिकं विदर्भात होतात. तिकडच्या प्रेमविवाहांचा या अंगाने अभ्यास व्हायला हरकत नाही.

इथे एक आक्षेप येतो. 'सूतोवाच' या शब्दातही सूत आहे. मग प्रेमाचं सूतोवाच करणे म्हणजे धागा टाकणे, असा अर्थ घ्यावा काय? घेऊ नये. तिथला सूत हा पुराणं सांगणारा सूत आहे, सूतकताईशी त्याचा संबंध नाही. असल्या कच्च्या धाग्यांवर सिद्धांत टांगणारे संशोधक आमच्या क्षेत्रात बरेच आहेत.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे आणि तो आमच्या मेव्हण्यांनी घेतला आहे. ते म्हणतात, "भाऊजी, सूत नपुंसकलिंगी आणि लाइन स्त्रीलिंगी. ते सूत, ती लाइन. मग जागा सुताने धरली कशी?" आक्षेप मान्य करूनही उत्तर आहे. परका शब्द मराठीत येतो तेव्हा त्याला लिंग शेजाऱ्यांवरून मिळतं. इंग्रजीत लाइनला लिंग नव्हतंच. इथे उतरल्यावर तिला भेटल्या रेषा, रेघ, ओळ, रांग, रीघ, पंगत आणि दोरी. इतक्या बायकांत पडल्यावर दुसरं काय होणार? त्यातल्या दोरीशी तर तिने कायमची गाठ मारून घेतली. बांधकामावर जा. विटांचा थर चढवताना गवंडी दोन्ही टोकांना खिळे ठोकून जी दोरी ताणतो, तिला तो 'लाइनदोरी' म्हणतो. लाइन म्हणजे दोरी आणि दोरी म्हणजे दोरी. बाजार आणि हाट मिळून बाजारहाट, मोल आणि मजुरी मिळून मोलमजुरी, तसाच हा जोड. परका शब्द आणि घरचा शब्द एकाच अर्थाने एकमेकांच्या गळ्यात पडतात, तेव्हा परका शब्द पाहुणा राहिला नाही असं समजावं.

या गवंड्याकडे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. तो दोरी बोटाने ताणून सोडतो, तिची थरथर थांबेपर्यंत वाट बघतो, मग एक डोळा मिटून तिच्यावरून नजर टाकतो. वीट दोरीला चिकटू द्यायची नाही, कणभर फट ठेवायची. चिकटली की दोरी बाहेर ढकलली जाते आणि पुढच्या सगळ्या विटा तिच्या मागे वाकड्या जातात. सुताराची तऱ्हा वेगळी. तो दोरीला नीळ नाहीतर गेरू लावतो, फळीवर ताणतो, मधोमध चिमटीत उचलून फट्कन सोडतो. फळीवर निळी रेघ उमटते. 'लिनेआ' म्हणजे ताणलेला धागा, हा दोन हजार वर्षांपूर्वीचा अर्थ विद्यापीठात कोणाला ठाऊक असो-नसो, गवंड्याच्या खिशात तो गुंडाळी करून ठेवलेला असतो. आणि सुतार हा शब्दच मुळी सूत्रधारापासून आलेला. आम्ही मेव्हण्यांना हे सांगितलं, तेव्हा ते चहा घ्यायला उठले.

व्याकरणाचं प्रकरण थोडक्यात. 'लाइन'चा अर्थ नाम ठरवत नाही, क्रियापद ठरवतं. लाइन लावणे, लाइन तोडणे, लाइन टाकणे, लाइन सोडणे, लाइन बदलणे : प्रत्येक वेळी वस्तूच वेगळी. सर्वांत धोक्याचं क्रियापद 'मारणे'. मराठीत माणूस डुलकी मारतो, चक्कर मारतो, थापा मारतो आणि रेघही मारतो. त्यामुळे चौथीतल्या मुलाला बाई सांगतात, "आधी समासाची लाइन मार," तेव्हा तो निमूटपणे मारतो. दहावीत तोच मुलगा तेच क्रियापद वापरतो आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत जातो. दोन प्रयोग ओळखण्याची खूण अशी की पहिल्याला पट्टी लागते आणि दुसऱ्यात पट्टी बसते.

वहीचा विषय निघालाच आहे, तर एक निरीक्षण नोंदवून ठेवतो. इंग्रजी अक्षरं लाइनीवर उभी राहतात. देवनागरी अक्षरं लाइनीला खालून लटकतात. शिरोरेषा वर आणि 'क' तिच्या खाली लोंबतोय, असा आपला कारभार. साहेबाच्या पोराला चार रेघांच्या वहीत उभं राहायला शिकवतात, आपल्या पोराला दुरेघी वहीत लटकायला. सकाळी आठच्या सुमारास डोंबिवलीहून सुटलेली लोकल बघितली की आमच्या लिपीने आम्हाला कशासाठी तयार केलं याबद्दल शंका उरत नाही.

रांग या अर्थाने लाइन, हे या शास्त्रातलं महाप्रकरण. इथे पहिलं कोडं असं की रांगेला साहेब स्वतः लाइन म्हणत नाही. तो 'क्यू' म्हणतो. रांगेला लाइन म्हणतात ते अमेरिकन. दीडशे वर्षं राज्य केलं इंग्रजांनी आणि रांगेचा शब्द आम्ही घेतला जणू वॉशिंग्टनहून. 'क्यू' काही काळ इथे टिकला, जुन्या मुंबईकरांच्या तोंडी अजून सापडतो. पण त्याला विभक्ती लागेना. 'लाइनीत' म्हणता येतं, 'क्यूत' म्हटलं की जीभ अडखळते. शब्द मरतात ते असल्या किरकोळ कारणांनी. देवस्थानांच्या दारात मात्र जुने शब्द चिवटपणे उभे आहेत. पंढरपुरात दर्शनबारी असते. लालबागला आलं की बारीची लाइन होते, आणि तिच्यातही नवसाची लाइन वेगळी, मुखदर्शनाची लाइन वेगळी. चुकीच्या लाइनीत शिरलेल्या भक्ताची दहा तासांनी काय अवस्था होते, हे शास्त्रात सांगितलेलं नाही.

युक्लिडने रेषेची व्याख्या करताना तिला लांबी दिली आणि रुंदी नाकारली. एसटी स्टँडवरच्या खिडकीपुढच्या लाइनीला रुंदी असते आणि लांबी जवळजवळ नसते. शिवाय ती सरळ नसते. उन्हाळ्यात लाइन सावली धरून चालते, पिंपळाखालून वळसा घेते, मध्ये ऊन आलं की तिथे तुटते आणि पलीकडच्या सावलीत पुन्हा सुरू होते. तुटलेल्या दोन तुकड्यांमधल्या रिकाम्या उन्हालाही मालक असतात. तिथे जाऊन कोणी उभा राहिला की सावलीतून आवाज येतो, "ओ काका, लाइन आहे इथे!" काका खाली बघतात. फक्त फरशी असते.

ही अदृश्य लाइन समजून घ्यायला रॉकेलच्या जमान्यात जावं लागतं. रेशन दुकानापुढे पहाटे माणसं नसायचीच. असायचे प्लॅस्टिकचे कॅन, दोरीने एकमेकांना बांधलेले. मग एक पत्र्याचा डबा. एक फाटकी पिशवी, उडू नये म्हणून आत दगड घातलेली. आणि ज्याच्याकडे ठेवायला काहीच नसेल त्याचा नुसता दगड. दगड हा कायदेशीर प्रतिनिधी मानला जायचा. त्याच्या पुढे कॅन सरकवणाऱ्याशी भांडायला दगडाच्या मागचा कॅन उभा राहायचा, म्हणजे त्याची मालकीण, जी समोरच्या ओट्यावर बसून हे सगळं बघत असायची. "तो दगड साळुंकेबाईंचा आहे, त्या पोराला शाळेत सोडायला गेल्यात," असं ती सांगायची आणि दुकानदारसुद्धा ते मान्य करायचा. ताब्याविषयी इतकं सूक्ष्म शास्त्र आमच्या दिवाणी न्यायालयांतही रुळलेलं नाही.

रेल्वेची लाइन त्यामानाने सोपी. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला १४ डब्यांची गाडी गेली, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं तिला ओढत होती, आणि तेव्हापासून मुंबईचा माणूस गावाचं नाव सांगण्याआधी लाइन सांगतो. सेंट्रलचा, वेस्टर्नचा, हार्बरचा. हार्बरला धाकटी समजतात, पण देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला तिच्याच अंगावरून कुर्ल्यापर्यंत धावली. वेस्टर्न लाइनवरचं 'मरीन लाइन्स' हे स्टेशन मात्र रेल्वेच्या लाइनीवरून नाव घेत नाही, समुद्राच्याही नाही. तिथे मरीन बटालियनची वस्ती होती. लष्करात सैनिकांच्या ओळीने बांधलेल्या निवासांना 'लाइन्स' म्हणतात. पोलीस लाइन त्याच घरातली, आणि नागपूरची सिव्हिल लाइन्सही, जिथे शिपाई सोडून बाकीचे साहेब राहत. नगरचा पाइपलाइन रोड या वर्गात बसत नाही. तिथे खरोखर पाइपलाइन आहे.

'लाइन क्लिअर' हा प्रयोग आम्हाला एका निवृत्त स्टेशन मास्तरांनी उलगडून सांगितला. एकेरी मार्गावर पुढच्या स्टेशनाने होकार दिल्याखेरीज गाडी सोडता येत नाही. होकार मिळाला की यंत्रातून लोखंडी गोळा बाहेर यायचा, तो चामडी पिशवीत घालायचे, पिशवी वेताच्या मोठ्या कडीला बांधलेली असायची, आणि न थांबणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर ती कडी खांद्यात अडकवून न्यायचा. एका वेळी यंत्रातून एकच गोळा निघायचा, त्यामुळे समोरासमोर दोन गाड्या येणं शक्य नसायचं. मास्तर म्हणाले, "आता पोरं एकमेकांना विचारतात, लाइन क्लिअर आहे का? पण गोळा कोणाकडे असतो?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. मास्तरांनी पस्तीस वर्षं गोळा सांभाळलेला; त्यांच्यापुढे सिद्धांत काय सांगायचा?

नकाशावरच्या लाइनी, ड्युरंडची १८९३ ची, मॅकमोहनची १९१४ ची, रॅडक्लिफची १९४७ ची, या प्रबंधाच्या पट्टीत बसत नाहीत. त्या तशाच सोडतो. टेलिफोनच्या लाइनीबद्दल एवढंच की तार जाऊन जमाना झाला, तरी बँकेची बाई "लाइनवर राहा" म्हणते आणि आपण राहतो.

'डेडलाइन'बद्दल मात्र गैरसमज दूर केला पाहिजे. अमेरिकन यादवी युद्धात, १८६४ च्या सुमारास, अँडरसनव्हिलच्या कैदीछावणीत कुंपणाच्या आत एक हद्द आखलेली होती. ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी जागीच गोळी घालायचे. तीच डेडलाइन. पुढे ती वर्तमानपत्रांच्या कचेरीत गेली आणि तिथून आमच्या सरकारी परिपत्रकांत. परिपत्रकात तिला ३१ मार्च म्हणतात. ३० मार्चला सर्व्हर बंद पडतो, ३१ ला मुदतवाढीचं परिपत्रक येतं, आणि आदल्या रात्रीपासून जागून अर्ज भरलेला एकटा माणूस ते वाचून हळहळतो. दिवाळी अंकाच्या संपादकांची डेडलाइन याहून कडक असते असं ते सांगतात. आम्ही अजून तरी पाहिलेली नाही.

राहता राहिलं 'ऑनलाइन'. या शब्दाने लाइन संपेल असं भाकीत काही तज्ज्ञांनी वर्तवलं होतं. त्या तज्ज्ञांनी कुठल्याही मोठ्या देवस्थानात रविवारी जाऊन यावं. महाद्वाराशी दोन बाण रंगवलेले असतात. डाव्या बाणाखाली लिहिलेलं असतं, 'धर्मदर्शन लाइन'. उजवीकडे, 'ऑनलाइन पासधारकांची लाइन'. उजवीकडची जास्त लांब असते, आणि तिच्या टोकाशी उभे असलेले गृहस्थ फोन कानाला लावून घरी कळवत असतात, "नाही गं, लाइन नाहीच आहे, आपण ऑनलाइन काढलाय ना पास. फक्त लाइनीत आहोत."